पेसमेकर : मोबाइलची धास्ती फार, तारेची काळजी कमी

पल्स_बहात्तर (धागाकर्ता)
विभाग : आरोग्य, इंदूर कट्टा

पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या घरचे प्रश्न ठरलेले असतात. मोबाइल कुठल्या खिशात ठेवायचा? मायक्रोवेव्ह काढून टाकायचा का? रंगपंचमीच्या गेरला (रंगाच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर गेलं तर चालेल का? डावा हात किती उचलायचा, थ्रेशोल्ड (हृदय दाद देतं तो किमान टोचा) किती आला, पेसमेकरचं कार्ड कुठे ठेवलंय, हे विचारणारा क्वचित भेटतो. आणि घोटाळे होतात ते बहुतेक या दुसऱ्या यादीतच. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान पकडावा. एकच विनंती, "आमच्या मामांना" छापाचे किस्से नकोत, नेमकी माहिती हवी.

आधी यंत्र काय करतं ते. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो. ठोक्याची ठिणगी तिथे पडते. ती वरच्या कप्प्यांतून एव्ही नोडपर्यंत येते, तिथे थोडी अडते म्हणजे खालचे कप्पे रक्ताने भरायला वेळ मिळतो, आणि मग हिसच्या जुडग्यातून (ठिणगी वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जुडीतून) दोन फांद्यांनी खाली उतरते. ठिणगीच मंद पडली तर तो सिक सायनस. ठिणगी ठीक पण वाट अडली तर हार्ट ब्लॉक. पेसमेकर लागतो तो मुख्यतः या दोन दुखण्यांसाठी. रक्तवाहिनीतला अडथळा, म्हणजे लोक ज्याला 'ब्लॉकेज' म्हणतात, तो वेगळा आजार. पेसमेकरने हार्ट अटॅक टळत नाही आणि स्टेंटने हार्ट ब्लॉक सुटत नाही.

पेसमेकरची डबी रक्त ढकलत नाही. ती आधी ऐकते, मग बोलते. किमान दर ६० ठेवला असेल तर प्रत्येक ठोक्यानंतर ती १ सेकंद थांबते. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर, काही करायचं नाही. आला नाही तर साधारण २ ते २.५ व्होल्टचा, ०.४ मिलिसेकंदाचा एक टोचा. बाकीचं काम हृदयाचे स्नायूच करतात. मिनिटाला ६० म्हणजे दिवसाला ८६,४००, वर्षाला ३ कोटी १५ लाखांवर. ज्याला प्रत्येक ठोक्याला टोचा लागतो त्याला आम्ही 'पेसिंग डिपेंडंट' म्हणतो. आपण त्यात मोडतो की नाही, हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक हवं. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यावरच ठरतात.

---

ओहमचा_नियम

चांगला धागा, भिया. पोहे-जिलेबी तुमच्याकडे लागू.

सुट्या भागांबद्दल लिहितो. डबी टायटेनियमची, २० ते ३० ग्रॅमची, आत लिथियमची बॅटरी आणि सर्किट, सगळं सीलबंद. बॅटरी वेगळी निघत नाही. म्हणून 'बॅटरी बदलली' म्हणजे अख्खी डबी बदलली. लीड (डबीपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा) चांगल्या असल्या तर त्याच ठेवून नवीन डबीला जोडतात. डबीच्या डोक्यावर पारदर्शक हेडर असतो, त्यात लीडची पिन घालून बारीक स्क्रू आवळतात. त्याचा पाना ठरावीक जोर लागला की 'कट्' आवाज करतो. तो आवाज ऐकल्यावर लीड हलकी ओढून बघायची, निघत नाही ना. ही पाच सेकंदांची तपासणी राहिली की महिन्याभराने चक्कर येणारा रुग्ण परत दाराशी.

लीड म्हणजे गुंडाळलेली धातूची तार, वर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण. लांबी वरच्या कप्प्यासाठी साधारण ५२ सेंटिमीटर, खालच्यासाठी ५८. टोकाला मळसूत्र असतं किंवा रबरी काटे. टोकात थोडं स्टिरॉइड भरलेलं असतं, जिथे तार टोचली तिथली सूज कमी राहावी म्हणून. ही तार दिवसाला लाखभर वेळा वाकते. डबी आठ-दहा-बारा वर्षांनी बदलता येते, तार शिरेला आणि हृदयाला चिकटून बसते. पूर्ण यंत्रणेतला सगळ्यात नाजूक भाग तोच, आणि नेमकं त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. धाग्याच्या शीर्षकाला +१.

---

सुदामानगरी

व्हीव्हीआय, डीडीडी, डीडीडीआर ही अक्षरं कार्डावर असतात. त्यांचा अर्थ कुणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि 'सिंगल' की 'डबल' यात नेमका फरक काय, फक्त पैशांचा?

---

डॉ_हृदयस्थ

पहिलं अक्षर टोचा कुठे देतो, दुसरं ऐकतो कुठे, तिसरं ऐकल्यावर काय करतो. व्ही म्हणजे खालचा कप्पा, ए म्हणजे वरचा, डी म्हणजे दोन्ही. तिसऱ्या जागी आय असेल तर 'ऐकू आलं की गप्प बसतो'. डी असेल तर गप्पही बसतो आणि वरच्या ठोक्यामागे खालचा ठोका लावूनही देतो. शेवटचा आर म्हणजे चालण्या-फिरण्याप्रमाणे दर वाढवणारा सेन्सर चालू आहे.

फरक फक्त पैशांचा नाही. सिंगल चेंबर (एकाच कप्प्यात लीड) व्हीव्हीआय खालच्या कप्प्याला टोचतो, वरचा कप्पा त्याच वेळी काय करतोय याची त्याला गंधवार्ता नसते. दोन्ही एकदम आकुंचन पावले की रक्त मानेकडे उलटं ढकललं जातं. मानेत ठोके जाणवणं, धाप, गळून जाणं, उभं राहिल्यावर भोवळ. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात आणि डबल चेंबरने तो बहुधा जातो. उलट कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड) असेल तर वरच्या कप्प्यात लीड टाकून उपयोग शून्य, तिथे सिंगलच योग्य. 'डबल म्हणजे भारी' असं सरसकट नाही.

आणखी एक. खालच्या उजव्या कप्प्यात सतत टोचा देत राहिलं की काहींचा खालचा डावा कप्पा हळूहळू अशक्त होतो. म्हणून रिपोर्टमधला 'व्ही पेसिंग टक्के' (खालच्या कप्प्याला किती टक्के ठोक्यांत टोचा लागला) हा आकडा बघा. एव्ही वाट शाबूत असूनही तो ८०–९० दिसत असेल तर सेटिंगमध्ये एव्ही अंतर (वरच्या आणि खालच्या ठोक्यामधला वेळ) वाढवून तो खाली आणता येतो का, हे विचारा. पूर्ण ब्लॉकमध्ये तो १०० असणारच, तिथे इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) लक्ष ठेवायचं. पंपिंग घसरलं तर तिसरी लीड किंवा थेट डाव्या फांदीजवळ टोचा, हे पर्याय आहेत.

मशीन बसवण्याआधीचं एक सांगून टाकतो. दर मंद दिसला की लगेच सही करू नका. बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिजॉक्सिन, काचबिंदूचे टिमोलॉलचे डोळ्यांतले थेंब (हो, थेंबसुद्धा), वाढलेलं पोटॅशियम, कमी थायरॉइड, यांतलं काही आहे का ते आधी पाहायचं. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमधला ब्लॉकही बरेचदा काही दिवसांत सुटतो, तोवर तात्पुरता पेसमेकर पुरतो. मात्र पूर्ण हार्ट ब्लॉक ठरला आणि सुधारण्याजोगं कारण सापडलं नाही, तर लक्षणं नसली तरी थांबू नये.

---

ओटी_ताई

बसवणं आणि नंतरचे सहा आठवडे मी लिहिते.

त्या जागेपुरती भूल देऊन होतं, एक ते दोन तास. बहुधा डाव्या हंसळीखाली (गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली) ४–५ सेंटिमीटरचा छेद. डावखुरा माणूस असेल तर आधी सांगावं, उजवीकडे बसवता येतो. छेदाच्या तासभर आधी शिरेतून अँटिबायोटिक. हे फाइलमध्ये नोंदलेलं असावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. वॉर्फरिन चालू ठेवून बसवलं तर जखमेत रक्त साठण्याचं प्रमाण, ते बंद करून हेपरिन देण्यापेक्षा कमी असतं.

दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे हवाच. दोन गोष्टी बघतात, फुप्फुसाभोवती हवा शिरली नाही ना, आणि लीडची टोकं ठरल्या जागी आहेत ना. त्याची एक प्रत घरी ठेवा. दोन वर्षांनी काही बिघडलं तर तुलनेला पहिला एक्स-रेच उपयोगी पडतो.

हात : ४ ते ६ आठवडे डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. म्हणजे पंखा पुसणं, माळ्यावरचा डबा काढणं, दोरीवर ओली चादर टाकणं, बसमधली वरची दांडी धरणं, सगळं बंद. ४–५ किलोच्या वर उचलायचं नाही. नळाला नर्मदेचं पाणी येण्याच्या दिवशी भरलेली बादली १५ किलोच्या घरात जाते, तेव्हा ती दुसऱ्याने उचलावी. पण म्हणून हात गळ्यात बांधून ठेवू नका! कोपर, मनगट, खांद्याखालची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू हवी. महिनाभर हात आखडून बसलेल्यांचा खांदा जाम होतो, आणि मग फिजिओथेरपी लांबते.

जखम सात ते दहा दिवस कोरडी. हळद, तेल, कसलंही मलम नको. ब्लाउजची पट्टी, पर्सचा पट्टा, गाडीचा सीटबेल्ट डबीवर घासत असेल तर मऊ रुमालाची घडी मध्ये ठेवा. सीटबेल्ट काढायचा नाही.

फोन करण्याची लक्षणं : जखमेभोवती लाली किंवा गरमपणा, पाणी येणं, फुगवटा वाढत जाणं, कातडी निळसर पातळ होऊन डबीची कड दिसू लागणं, डावा हात सुजणं, थांबत नसलेली उचकी (लीड हलून छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला टोचा लागत असेल), आणि अर्थात चक्कर.

---

डॉ_हृदयस्थ

ताईंच्या यादीतल्या फुगवट्याबद्दल ठळक अक्षरांत लिहायला हवं. तो फुगवटा सुईने उपसायचा नाही. बहुतेक वेळा रक्त साठलेलं असतं आणि आपोआप जिरतं. सुई घातली की बाहेरचे जंतू थेट डबीपर्यंत जातात. फारच ताण आला तर ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन उघडून धुतात.

डबीसाठी कातडीखाली केलेल्या खिशात एकदा जंतुसंसर्ग झाला की अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तो जात नाही, दबतो. धातू आणि सिलिकॉनवर जंतूंचा थर बसतो, औषध तिथे पोचत नाही. डबी आणि लीड दोन्ही काढावी लागतात. वर्षाहून जुनी लीड ओढून काढणं हे जोखमीचं काम आहे, त्यासाठी खास साधनं आणि मागे हार्ट सर्जन तयार लागतो. कातडी फाटून डबीचा कोपरा दिसला तर जखम स्वच्छ दिसत असली तरी तो संसर्गच समजायचा. वरून टाके घालून झाकण्याच्या फंदात पडू नये.

पेसमेकरवाल्याला कारण न सापडणारा ताप चार-पाच दिवस राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी). आधी गोळ्या घेऊन मग कल्चर केलं की काही सापडत नाही आणि महिना वाया जातो. दात काढताना मात्र केवळ पेसमेकर आहे म्हणून आधी अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते.

---

ओहमचा_नियम

आता रिपोर्ट. प्रोग्रॅमरमधून (डबी वाचणाऱ्या आणि तिची सेटिंग बदलणाऱ्या यंत्रातून) निघणारी लांब पट्टी घरी आणून कपाटात जाते. त्यातले चार आकडे वहीत उतरवले तरी पुरे.

थ्रेशोल्ड : हृदय ज्या किमान टोच्याला दाद देतं तो. समजा ०.७ व्होल्ट, ०.४ मिलिसेकंदाला. पहिले दोन-तीन महिने टोकाशी सूज असते, थ्रेशोल्ड वर चढतो, म्हणून आउटपुट (प्रत्यक्ष दिला जाणारा टोचा) मुद्दाम ३.५ व्होल्टच्या आसपास ठेवतात. नंतर तो स्थिरावला की थ्रेशोल्डच्या किमान दुप्पट व्होल्टेजवर आणतात, म्हणजे बहुधा २ ते २.५. तीन महिन्यांची भेट म्हणूनच चुकवायची नाही. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. २.५ व्होल्ट, ५०० ओहम, ०.४ मिलिसेकंद म्हणजे ५ मायक्रोज्यूल. तेच ५ व्होल्टवर २०. आउटपुट चढं विसरलं तर दहा वर्षांची डबी काही वर्षं आधीच संपते, आणि लोक म्हणतात कंपनी खराब.

बॅटरीचा साधा हिशोब : क्षमता १ अँपिअर-तास धरा, सगळं मिळून सरासरी खर्च १० मायक्रोअँपिअर. वर्षाचे ८,७६० तास. भागाकार करा, साधारण ११ वर्षं. यातला बराच खर्च ऐकण्याचा आणि सर्किटचा असतो, म्हणून क्वचितच टोचा देणारी डबीसुद्धा कधीतरी संपतेच.

इम्पिडन्स (करंटच्या वाटेतला अडथळा) : साधारण ३०० ते १,२०० ओहममध्ये. एकाच आकड्यापेक्षा आलेख महत्त्वाचा. सहा महिन्यांपूर्वी ६०० आणि आज २०० म्हणजे आवरण फाटून करंट गळतोय. ६०० वरून एकदम २,००० च्या वर म्हणजे तार तुटली किंवा स्क्रू सैल. तार तुटण्याची आवडती जागा हंसळी आणि पहिल्या बरगडीची चिमटी.

सेन्सिंग : खालच्या कप्प्याचा सिग्नल बसवताना ५ मिलिव्होल्टच्या वर, वरच्याचा १.५ ते २ च्या वर असावा. तो घसरला तर डबीला हृदयाचा ठोका ऐकू येत नाही आणि नको तिथे टोचा देते. याच्या उलटं जास्त धोक्याचं. तुटक्या तारेची खरखर तिला ठोका वाटते आणि ती गप्प बसते. डिपेंडंट माणूस तिथे कोसळतो. हात ठरावीक दिशेला नेला की चक्कर येते असं रुग्ण म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका, तपासणीत तोच हात तसाच फिरवायला लावून पट्टी बघा.

---

सुदामानगरी

किमान दर ६० असूनही ऑक्सिमीटर किंवा बीपी मशीन ४२ दाखवतं. म्हणजे डबी बिघडली?

---

पल्स_बहात्तर

बहुधा नाही. जादा ठोके म्हणजे एक्टोपिक येत असतील तर ते लवकर येतात, त्यांत रक्त कमी असतं, बोटापर्यंत पोचतच नाहीत. यंत्र निम्मे ठोके मोजतं. हिस्टेरेसिस (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याची जास्त वाट बघणारी सेटिंग) किंवा झोपेचा दर लावलेला असेल तर ५०–५५ दिसणंही सेटिंगप्रमाणेच आहे. मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ गुणिले ४ नको. तरी कमी वाटलं तर ईसीजी. चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी सोबत असेल तर मोजत बसू नका, इमर्जन्सीत जा.

ईसीजीवरून आठवलं. उजव्या कप्प्यातल्या टोच्यामुळे ठोक्यांचा आकार रुंद होतो. मशीनचा आपोआप छापलेला शेरा त्याला जुना अटॅक समजतो. तो शेरा वाचून घरात रडारड नको. आणि ईसीजी काढणाऱ्याला पेसमेकर आहे हे आधी सांगा. बायपोलर (दोन्ही ध्रुव लीडच्या टोकाशीच असलेल्या) टोच्याची रेघ इतकी बारीक असते की कागदावर दिसतही नाही.

---

अवांतरप्रेमी

सेन्सरबद्दल कुणी बोललं नाही. स्कूटरवर खड्ड्यांतून गेलं की धडधड वाढते, जिना चढताना मात्र पाय जड. हे कसं?

---

ओहमचा_नियम

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. बहुतेक डब्यांतला सेन्सर हादरे मोजतो, श्रम नाही. खड्ड्यातली स्कूटर त्याला पळण्यासारखी वाटते. जिना उतरताना पाय आपटतात म्हणून दर जास्त, चढताना धक्के कमी म्हणून दर कमी, जे शरीराच्या गरजेच्या नेमकं उलटं. जागच्या सायकलवर छाती हलत नाही, दर वाढतच नाही. काही मॉडेल श्वासाची खोलीही मोजतात, त्यांचं जरा बरं. उपाय म्हणजे क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये चालून, जिना चढून सेन्सरची तीव्रता जुळवून घेणं. बसवल्यावर कारखान्यातून आलेली सेटिंगच वर्षानुवर्षं चालू राहते, हा आपल्याकडचा खरा आळस.

डीडीडीमध्ये वरचा दर बहुधा १२०–१३० ला बांधलेला असतो. तरुण माणूस पळायला लागला, सायनसने १५० मारले की डबी मधले ठोके गाळते. त्याला वाटतं इंजिन धक्के खातंय. वरची मर्यादा वाढवून मिळते, मागायला हवी.

---

सुदामानगरी

आता तरी मोबाइल-इंडक्शनवर या!

---

पीथमपूर_सेफ्टी

घ्या. मोबाइल डबीपासून १५ सेंटिमीटर दूर, विरुद्ध बाजूच्या कानाला. शर्टाच्या डाव्या खिशात नको, बस्स. रेडिओ लहरींपेक्षा नव्या फोनमागचं चुंबक जास्त खोडकर आहे, तसंच इअरफोनची चुंबकी डबी, चुंबकी बटणाची पर्स, नावाची चुंबकी पट्टी. आणि 'रक्ताभिसरणासाठी' विकले जाणारे चुंबकी पट्टे मुळीच नकोत. चुंबक जवळ आलं की डबी ऐकणं बंद करून ठरावीक दराने टोचे देऊ लागते. काढलं की पूर्ववत. कायमचं नुकसान होत नाही.

मायक्रोवेव्ह, टीव्ही, फ्रिज, वायफाय, मोबाइल टॉवर : बिनधास्त. मिक्सर, ड्रिल, हेअर ड्रायर छातीला टेकवू नका. इंडक्शन शेगडीला कंपन्या ६० सेंटिमीटर सांगतात. मागच्या बर्नरवर पातेलं ठेवा, वाकून ढवळू नका. चालू इंजिनवर बॉनेट उघडून ओणवं होऊ नका. गेरमधल्या गाड्यांवरच्या भल्यामोठ्या स्पीकरला छाती टेकवून नाचू नका, हातभर लांब राहून खुशाल रंग खेळा. पाण्याच्या तोफेचा थेट झोत नव्या जखमेवर नको.

घरातलं खरं संकट म्हणजे खराब अर्थिंग. पाण्याची मोटर, गीझर, वॉशिंग मशीन यांच्या गळतीचा करंट इतका कमी असू शकतो की हाताला झिणझिणी येत नाही, पण लीड तो ऐकते. डबी त्याला ठोका समजते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. शेताच्या कुंपणाला 'झटका मशीन' असेल तर तिथे पेसमेकरवाल्याने हात लावायचा नाही.

आर्क वेल्डिंग : १६० अँपिअरच्या वर नाही. त्याखाली डॉक्टरांनी परवानगी दिली तरच, आणि अशा रीतीने : दोन्ही केबल एकमेकींना पिळून, खांद्यावर न घेता. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळात जवळ. आर्क छातीपासून ६० सेंटिमीटर. वेल्डच्या दोन टाक्यांमध्ये काही सेकंद थांबायचं. ओल्यात काम नाही. एकट्याने नाही. भोवळल्यासारखं वाटलं की रॉड टाकून मागे सरकायचं. डिपेंडंट माणसाने हे काम सोडलेलं बरं, बदली मागावी. इंडक्शन फर्नेसच्या आसपास तर नाहीच. आरआरकॅट या इथल्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे प्रवेगकाची मोठी चुंबकं असतात, तिथल्या भेटीआधी कार्ड सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवा.

मॉलच्या चोरी पकडणाऱ्या दरवाजातून सरळ चालत जा, मध्ये उभं राहून गप्पा नकोत. विमानतळावर कार्ड दाखवा, चौकटीतून नेहमीच्या चालीने गेलं तर अडचण नाही. हातातलं डिटेक्टर छातीवर रेंगाळू देऊ नका, हाताने तपासणी मागा.

---

भूलवाले_काका

दवाखान्यातली उपकरणं मोबाइलपेक्षा कितीतरी पट महत्त्वाची, आणि तिथे लोक सांगायलाच विसरतात.

फिजिओथेरपीची शॉर्टवेव्ह डायथर्मी : नाही म्हणजे नाही. गुडघ्यालासुद्धा नाही. लीड अँटेनासारखी ऊर्जा पकडते आणि टोकाशी स्नायू भाजू शकतो. गरम पाण्याची पिशवी चालते. टेन्स, आयएफटी (दुखण्यावर हलका करंट देणारे उपचार) विचारल्याशिवाय नाही.

ऑपरेशनमधली कॉटरी (विजेच्या चटक्याने कापणं, रक्त थांबवणं) : बेंबीच्या वरच्या ऑपरेशनला जास्त जपावं लागतं. रिटर्न पॅड (करंट परत नेणारी पट्टी) असा लावायचा की करंटची वाट डबीवरून जाऊ नये, चटके तुटक आणि पाच सेकंदांच्या आत, जमेल तिथे बायपोलर कॉटरी (करंट चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो). डिपेंडंट असेल तर आधी असिंक्रोनस मोड (न ऐकता ठरावीक दराने टोचे) किंवा चुंबक. मॉनिटरवर ईसीजीऐवजी बोटाच्या ऑक्सिमीटरची लहर बघायची, कारण कॉटरीत ईसीजी गचाळ होतो. शेवटी डबी तपासून सेटिंग पूर्ववत. लक्षात ठेवा, झटका देणाऱ्या आयसीडीवर चुंबक ठेवलं तर फक्त झटका बंद होतो, पेसिंग असिंक्रोनस होत नाही. दोन्ही यंत्रं एकच समजू नका.

एमआरआय : डबी *आणि* लीड दोन्ही एमआर-कंडिशनल (ठरावीक अटींवर एमआरआयला चालणाऱ्या) हव्यात, जोडी कंपनीने मान्य केलेली हवी, छातीत जुनी सोडून दिलेली लीड नको, बसवून सहा आठवडे झालेले बरे. त्या दिवशी प्रोग्रॅमर आणून एमआरआय मोड लावतात. झाल्यावर तो काढला का, हे नातेवाइकांनी विचारायचं. सीटी, एक्स-रे, सोनोग्राफीला अडचण नाही. कॅन्सरसाठी छातीवर रेडिएशन असेल तर आधी कार्डिओलॉजिस्टला कळवा.

किडनीवाल्यांसाठी एक : पोटॅशियम फार वाढलं की थ्रेशोल्ड चढतो आणि डबी टोचत असूनही हृदय दाद देत नाही. डायलिसिस चुकवू नका.

---

पल्स_बहात्तर

कार्डाचं राहिलं. त्यावर डबीचं आणि प्रत्येक लीडचं मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, मोड, एमआरआयची नोंद असते. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीची डबी वाचत नाही. रात्री दोन वाजता 'मशीन कुठल्या कंपनीचं' हे ठाऊक नसेल तर सकाळपर्यंत थांबावं लागतं. फोटो काढून घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, मूळ पाकिटात.

भेटी : १० ते १४ दिवसांनी जखम, तीन महिन्यांच्या आत सेटिंग, मग सहा ते बारा महिन्यांनी. बॅटरी उतरत आली की दर तीन महिन्यांनी. रिपोर्टवर ईआरआय (डबी बदलायची वेळ आल्याची खूण) आलं म्हणजे साधारण तीन महिने हातात, त्या आठवड्यात तारीख ठरवा. त्या टप्प्यावर काही डब्या आपला मोड बदलून व्हीव्हीआय ६५ वर जातात, म्हणून 'अचानक दमायला होतं' हे बॅटरीचंही लक्षण असू शकतं.

खर्च : आयुष्मान योजनेत सिंगल आणि डबल चेंबरची पॅकेजेस आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड ॲडमिट होण्याआधी काढून घ्या.

---

अवांतरप्रेमी

बिनतारी पेसमेकरचं ऐकलं, मग तारेचा प्रश्नच मिटला की!

---

डॉ_हृदयस्थ

निम्मा मिटला. कॅप्सूलएवढा, अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब, दोनेक ग्रॅमचा, जांघेतल्या शिरेतून आत सोडतात. छातीत खिसा नाही, लीड नाही, म्हणून त्या दोहोंचे बिघाड नाहीत. डायलिसिसवाले, आधी खिशात संसर्ग झालेले, वरच्या शिरा बंद असलेले, यांना वरदान. पण किंमत कितीतरी जास्त, आणि बॅटरी संपल्यावर जुना बहुधा तिथेच ठेवून शेजारी दुसरा बसवायचा. पन्नाशीच्या आतल्या माणसासाठी हा हिशोब आधी मांडायला हवा.

---

सुदामानगरी

विचारायला कसंसंच वाटतं, पण शेवटच्या वेळी पेसमेकरमुळे जीव अडकतो असं म्हणतात. आणि अंत्यसंस्काराचं काय?

---

ओटी_ताई

जीव अडकत नाही. शेवटी स्नायू टोच्याला दाद देणं थांबवतो, डबी नुसती टोचत राहते. मॉनिटरवर रेघा दिसतात म्हणून नातेवाइकांना ठोके चालू वाटतात. नाडी बघायची, पडदा नाही.

दहनाआधी डबी काढावीच लागते, कारण सीलबंद बॅटरी आगीत फुटते. पंचकुइया स्मशान असो की रामबाग, लाकडं असोत की विद्युतदाहिनी, नियम तोच. दवाखान्यातच मृत्यू झाला तर तिथे सांगा, घरी झाला तर डॉक्टरांना बोलवा. जुन्या छेदावर लहानसा छेद, डबी बाहेर, लीड कापून आतच ठेवतात, दोन टाके. दहा मिनिटांचं काम. झटका देणारं आयसीडी असेल तर आधी प्रोग्रॅमरने बंद करायचं, नाहीतर लीड कापताना कापणाऱ्याला झटका बसू शकतो.

---

पल्स_बहात्तर

काढलेली डबी घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका, दवाखान्यात परत द्या. कार्डावरचा सिरियल नंबर सोबत द्या म्हणजे त्यांना नोंद बंद करता येते.